मिठाचा भाऊ आणि डावा डोळा

एका राज्यात सगळ्या विहिरी खारट होत्या. पाऊस गोड पडे, पण भांड्यात धरला काय नि जमिनीला लागला काय, खारट होई. प्यायचं पाणी तीन दिवसांच्या वाटेवरून, शेजारच्या राज्यातून, पखालींत भरून बैलांच्या पाठीवर येई. पाहुणा आला की त्याला आधी दूध विचारत, मग ताक विचारत, आणि पाणी विचारायची वेळ आली की यजमान आढ्याकडे बघू लागे. असं असूनही तिथल्या लोकांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. ते सगळे उजवे होते.

उजवे म्हणजे कसे, तर उजव्या पायाने उंबरा ओलांडावा, उजव्या कुशीवर निजावं, उजव्या कानाने ऐकावं. मूल सहा महिन्यांचं झालं की वाजतगाजत त्याच्या डाव्या हाताला मांजरपाटाची पिशवी बांधत, आणि ते पाच वर्षांचं होईपर्यंत ती सोडत नसत. तोवर डावा हात आपली पायरी ओळखू लागे. धनुर्विद्येचंही तसंच. उजव्या हाताने दोरी ओढायची, डावा डोळा मिटायचा, उजव्याने नेम धरायचा. आचार्य विश्वंभरांनी घालून दिलेलं हे शास्त्र होतं, आणि शास्त्राला कारण विचारायची तिथे रीत नव्हती.

आता विहिरी खारट का झाल्या, तेही सांगायला हवं. सध्याच्या राजाचे, सिंहमुकुटाचे आजोबा गादीवर होते तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या सामन्यात शंभर पावलांवर लिंबू टांगलं होतं. तमालभद्र नावाचा एक तरणा तिरंदाज पुढे आला, त्याने डाव्या हाताने दोरी ओढली, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवले आणि लिंबाच्या दोन फोडी केल्या. लोक ओरडायला तोंड उघडणार, तोच आचार्य विश्वंभर उठले. "हा नेम नव्हे, हा अपशकुन," ते म्हणाले. राजाने तमालभद्राचं धनुष्य गुडघ्यावर मोडलं, मानाचा विडा तबकातच ठेवला आणि त्याला हद्दपार केलं.

तमालभद्र अरण्यात गेला. बारा वर्षं त्याने मंत्र साधले. तेराव्या वर्षी तो परत आला, राजविहिरीच्या तळाशी हात घातला आणि तिथला गोडमणी काढून घेतला. त्या मण्यामुळेच सगळ्या मुलखाचं पाणी गोड होतं. गावाबाहेरच्या तळ्यात एक बेट आहे, बेटावर उंबर आहे. उंबराच्या तीन फांद्यांना त्याने मणी तीन धाग्यांनी टांगला. एक धागा सोन्याच्या तारेचा, एक रेशमाचा, आणि तिसरा त्याच्या स्वतःच्या डोक्याचा केस.

मग तो काठावरच्या लोकांना म्हणाला, "दसऱ्याला एकाने यावं, पाडव्याला एकाने यावं. तीन बाण, तीन धागे. दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. चुकला तर त्याने घरी जावं. जो एक डोळा मिटेल, तो उभ्या जागी मीठ होईल."

आचार्य विश्वंभर त्या दिवसापासून कोणाला दिसले नाहीत. लोक म्हणाले, काशीला गेले असतील. लोकांना काय, कोणी दिसेनासा झाला की तो काशीला गेला.

त्यानंतर दर दसऱ्याला आणि दर पाडव्याला एकेक तिरंदाज विडा उचलून तळ्याकाठी गेला. काही दोन्ही डोळे उघडे ठेवून चुकले आणि मान खाली घालून घरी आले. त्यांना जन्मभर टोमणे ऐकावे लागले. बाकीच्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असं शंभरदा घोकलं होतं, पण लहानपणापासूनची सवय. बाण सुटायच्या क्षणी डावी पापणी आपोआप मिटे. मग ते जागच्या जागी पांढरे होत, धनुष्यासकट. पावसाळा आला की विरघळून जात आणि मातीवर एक पांढरा डाग मागे उरे. त्यांच्यावर छप्पर घालून पाहिलं, तर छपराच्या काड्यांच्या चिमण्या होऊन उडून गेल्या. त्या जागेला लोक मिठाचं रान म्हणत आणि तिथून जाताना जोडे काढत.

या राज्यात सोमा नावाचा कमानगर होता. धनुष्यं बनवणं हा त्याचा पिढीजात धंदा. त्याला दोन लेकरं. थोरला केरबा, धाकटी सुरंगी. आई लवकर गेली, म्हणून केरबानेच सुरंगीला सांभाळलं होतं. तिची वेणी तो घाली, वाकडी घाली, पण घाली. तिला धनुष्य धरायलाही त्यानेच शिकवलं. तिची एक खोड मात्र त्याला कळेना. सुरंगीने डावा डोळा मिटला की बाण नीट जाई. मिटायला विसरली की बाण हातभर डावीकडे. एकदा तर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांत गेला. "सुरंगे, डोळा मीट," केरबा हसत म्हणे, "डोळा मीट, म्हणजे नेम सरळ."

गेल्या दसऱ्याला केरबाने विडा उचलला. सोमाने, त्यांच्या आबांनी, नको म्हटलं, सुरंगीने पाय धरले. तो म्हणाला, "कोणीतरी जायलाच हवं ना गं?" पहिला बाण त्याने सोडला, आणि सुटता सुटता त्याची डावी पापणी मिटली.

तेव्हापासून सुरंगी रोज सकाळी मिठाच्या रानात जाऊन बसे. हातात एक काठी असे. ती का, तर शेळ्यांना मीठ आवडतं. शापबीप शेळ्यांना कळत नाही. एक दिवस तिला यायला उशीर झाला तर एका तरण्या शेळीने केरबाच्या उजव्या कानाची पाळी चाटून अर्धी केली होती. सुरंगी त्या दिवशी खूप रडली. मग डोळे पुसून काठी घेऊन बसली. आषाढ लागायला चार-पाच महिने होते. आषाढात या काठीचा काही उपयोग नव्हता.

माघातली एक सकाळ होती. केरबाच्या धनुष्याच्या टोकावर एक कावळा येऊन बसला. सुरंगीने काठी उगारली.

"शेळ्या हाकलून भाऊ वाचत नाही," कावळा म्हणाला.

"मग कशाने वाचतो?" सुरंगीने विचारलं. कावळा बोलला याचं तिला विशेष वाटलं नाही. ज्या राज्यात छपराच्या चिमण्या होतात तिथे कावळ्यानेही बोलायला हरकत नव्हती.

"तीन कामं सांगेन. कारण विचारायचं नाही असं म्हणणार नाही. कारण विचारूनच करायची."

हे तिने त्या राज्यात पहिल्यांदाच ऐकलं. "सांगा," ती म्हणाली.

"पहिलं काम. तुझ्या हातातलं पितळी कडं काढ. दोन्ही हातांनी समोर लांब धर. दोन्ही डोळे उघडे ठेव आणि कड्यातून त्या टेकडीवरच्या देवळाचं निशाण बघ. दिसलं? आता निशाण न हरवू देता कडं हळूहळू चेहऱ्याजवळ आण."

सुरंगीने कडं जवळ आणलं. ते नाकाला लागेल असं तिला वाटलं होतं. ते येऊन टेकलं डाव्या डोळ्याला. तिने पुन्हा केलं, पुन्हा डाव्या डोळ्याला. तिसऱ्यांदा मुद्दाम उजवीकडे आणू लागली, तर कड्यातलं निशाण नाहीसं झालं.

"आम्हां कावळ्यांना बुबुळ एकच," कावळा म्हणाला. "ते या खाचेतून त्या खाचेत नेतो, म्हणून कोणत्या बाजूने बघतो आहोत ते आम्हाला पक्कं ठाऊक असतं. तुम्हां माणसांना दोन. तुम्हाला वाटतं दोन्ही सारखंच बघतात. एका सिंहासनावर दोन राजे बसलेले पाहिलेस कधी? एक डोळा राजा असतो, दुसरा त्याचा प्रधान. तुझा राजा डावीकडे बसला आहे."

"पण मी तर उजवी आहे. जेवते उजव्याने, दळते उजव्याने."

"हात उजवाच आहे. कोण नाही म्हणतो? हात उजवा आणि डोळा डावा, असे पुष्कळ असतात. बाणाचं शेपूट तू उजव्या गालाशी ओढतेस. टोक मात्र तुझा डावा डोळा स्वतःसमोर ओढून घेतो. बाण तिरपा होतो आणि डावीकडे जातो, पापडांत."

सुरंगी चकित झाली. "पापडांचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी तिथेच होतो. पापड चांगले होते."

सुरंगी कितीतरी दिवसांनी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "म्हणजे डावा डोळा मिटते तेव्हा…"

"राजाला कोंडून प्रधानाकडून कारभार करवून घेतेस. निभतं तसं. पण या रानात निभत नाही." कावळ्याने मान वाकडी करून केरबाकडे पाहिलं. "याचा राजा उजवीकडे होता. त्याने डोळा मिटायची काही गरजच नव्हती. कोणीतरी शिकवलं म्हणून मिटला." एवढं बोलून त्याने चोच पंखात खुपसली.

दुसरं काम त्याने असं सांगितलं. बोरीखाली उभं राहायचं, डाव्या हातात खडा घ्यायचा, नेम धरायचा नाही, फक्त एका बोराकडे बघायचं आणि खडा मारायचा. रोज दोनशे खडे.

"नेम धरायचा नाही तर लागेल कसा?"

"घास तोंडात घालताना नेम धरतेस? चूल फुंकताना धरतेस? डोळा बघतो, हात जातो. मधे तू पडू नकोस. आणि एक लक्षात ठेव. हाताकडे बघशील तर बोरं दोन दिसतील. बोराकडे बघशील तर बोर एकच दिसेल, हात दोन दिसतील. दिसू देत. हातांशी आपल्याला कर्तव्य नाही."

पहिले आठ दिवस तिचे खडे बोरीलाही लागले नाहीत. पाच वर्षं पिशवीत राहिलेला हात तो, त्याला खडा कसा सोडायचा हेच ठाऊक नव्हतं. खांदा सुजला. एक खडा उलटा तिच्याच डोक्यात पडला आणि कावळा इतका हसला की फांदीवरून घसरला. पण माघ संपता संपता एक बोर पडलं. मग दुसरं पडलं. फाल्गुनातल्या एका दुपारी तिने दहा खड्यांत सात बोरं पाडली, आणि ती केरबाच्या पायाशी नेऊन ठेवली. अर्थात ती शेळ्यांनी खाल्ली.

"तिसरं काम," कावळा म्हणाला, "तुझ्या वडिलांना डाव्या हाताचं धनुष्य मागायचं."

हे सगळ्यांत अवघड होतं. बाण टेकवायची खाच धनुष्याच्या डाव्या अंगाला कोरायची असा कायदा होता, आणि जो ती उजव्या अंगाला कोरेल त्याची हत्यारं राजा विहिरीत टाके. हत्यारं गेली की कमानगर गेला. सुरंगी आबांसमोर बसली आणि कडं, बोरं, कावळा, सगळं एका दमात सांगून टाकलं.

सोमाने कडं हातात घेतलं. देवळाच्या निशाणाकडे धरलं, जवळ आणलं. ते उजव्या डोळ्याला लागलं. त्याने ते परत लेकीला दिलं.

"आबा, तुमची हत्यारं जातील."

"हत्यारं माझी आहेत गं, आणि पोरही माझंच आहे," सोमा म्हणाला आणि बांबू तापवायला उठला. तीन दिवस तो कामावरून उठला नाही. चौथ्या दिवशी त्याने धनुष्य तिच्या हातात ठेवलं. खाच उजव्या अंगाला होती, आणि मुठीला केरबाच्या जुन्या शेल्याची पट्टी गुंडाळली होती.

पाडवा उजाडला. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, पण लोकांचं लक्ष तळ्याकडे होतं. राजा सिंहमुकुट पालखीतून काठावर आला. तबकात विडा होता. सुरंगी पुढे झाली आणि तिने विडा उचलला. गर्दीत कुजबुज झाली, पापडवाल्या काकूंनी कपाळाला हात लावला. मग सुरंगीने धनुष्य उजव्या हातात घेतलं आणि डावा हात दोरीवर ठेवला.

"थांब!" राजा ओरडला. "हे पाप आहे. ज्याने हे राज्य बुडवलं त्याचीच ही रीत."

"महाराज, माझा भाऊ इथे मीठ होऊन उभा आहे. पाप कसलं, ते मला कळत नाही."

"हे धनुष्य कोणी बनवलं?"

"मी, महाराज," सोमा म्हणाला आणि हत्यारांची थैली राजाच्या पायाशी ठेवून मागे सरला.

सुरंगीने हातातलं पितळी कडं काढलं. "महाराज, हे दोन्ही हातांनी समोर धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवा. देवळाचं निशाण बघत बघत कडं जवळ आणा. मग मला थांबवायचं असेल तर खुशाल थांबवा."

राजाला प्रजेसमोर नाही म्हणवेना. त्याने कडं धरलं, जवळ आणलं, आणि ते येऊन टेकलं त्याच्या डाव्या डोळ्याला. त्याने पुन्हा करून पाहिलं. आता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सिंहमुकुट लहानपणी धनुष्य घेऊन एकटाच रडत बसे, कारण त्याचे बाण हातभर डावीकडे जात, आणि त्याचे वडील त्याला नालायक म्हणत. राजाने कडं बराच वेळ हातात फिरवलं.

"सोड बाण," तो अखेर हळूच म्हणाला.

सत्तर पावलांवर बेट होतं. उंबराखाली तमालभद्र होता. दाढी पांढरी, गुडघ्यांपर्यंत आलेली. तो इतकी वर्षं तिथेच बसून होता आणि आता तो उठून उभा राहिला होता. डाव्या हाताने दोरी ओढणारं माणूस त्याने या काठावर कधी पाहिलं नव्हतं.

सुरंगीने सोन्याच्या तारेकडे पाहिलं. तारेच्या मधोमध उन्हाचा एक ठिपका चमकत होता. ती तेवढ्याच ठिपक्याकडे बघत राहिली, डावा हात डाव्या गालाशी आला आणि बाण सुटला. तार तुटली. मणी खाली झुकला आणि झोके घेऊ लागला.

दुसरा बाण तिने चढवला, आणि तमालभद्राने हवेत बोट फिरवलं. तिच्या बाणाचं टोक निखाऱ्यासारखं पेटलं. पेटलेल्या बाणाकडे कोण बघणार नाही? सुरंगीने पाहिलं, आणि पलीकडे मणी दोन झाले. रेशमाचे धागे दोन झाले, उंबर दोन झाले, दोन तमालभद्र तिच्याकडे बघत उभे राहिले. डावी पापणी जड झाली. एक डोळा मिटला की सगळं पुन्हा एक होईल, हे तिला माहीत होतं. पापणी अर्ध्यावर आली, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं मिठासारखी पांढरी पडू लागली.

केरबाच्या धनुष्यावरून कावळा एकदाच ओरडला, साध्या कावळ्यासारखा. तिला बोर आठवलं. तिने बाणाकडे बघणं सोडलं आणि पलीकडच्या रेशमाकडे पाहिलं. मणी एक झाला. बाण दोन झाले, दोन्ही पेटलेले. दिसू देत, ती मनात म्हणाली. दोरी सुटली आणि रेशीम तुटलं. बोटांना हळूहळू रंग आला.

आता मणी एका केसावर लोंबत होता. सत्तर पावलांवरचा केस कोणाला दिसतो? तिलाही दिसत नव्हता. मणी जिथे अधांतरी लटकल्यासारखा वाटत होता, त्याच्या किंचित वर तिने नजर ठेवली आणि दोरी ओढली. तेव्हा तिच्या शेजारून, मिठाच्या ओठांतून, आवाज आला.

"सुरंगे, डोळा मीट. डोळा मीट, म्हणजे नेम सरळ."

केरबाचाच आवाज. तसाच हसरा, वाकडी वेणी घालताना असे तसा. सहा महिने तिने हा आवाज ऐकला नव्हता आणि सहा महिने तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. समोरचा मणी पाण्यात हलू लागला. जन्मभर हा आवाज सांगेल तसं ती वागली होती. तिला वाटलं, याचं एवढं एक ऐकलं तर निदान त्याच्या शेजारी तरी उभं राहता येईल, आषाढ येईपर्यंत.

"नाही दादा," ती मोठ्याने म्हणाली. "या खेपेला नाही मिटणार."

पाणी गालांवरून ओघळलं, समोरचं स्वच्छ झालं, आणि तिने दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून बाण सोडला.

काही तुटल्याचा आवाज आला नाही. केसाला कसला आवाज? मणी मात्र सरळ खाली गेला आणि डुबकन तळ्यात पडला. तळ्याचं पाणी काठापर्यंत थरथरलं आणि त्याचा करडा रंग जाऊन ते आरपार दिसू लागलं. गावातून कोणीतरी ओरडत आलं की राजविहिरीचं पाणी गोड झालं. तेवढ्यात कावळा धनुष्यावरून खाली उतरला, आणि जमिनीला पाय लागताच त्याच्या जागी एक अतिवृद्ध ब्राह्मण उभा राहिला, उजेडाने डोळे किलकिले करत.

"आचार्य विश्वंभर," तमालभद्र म्हणाला. तो पाण्यावरून चालत काठाला आला होता. "एक डोळा मिटायला शिकवलंत, म्हणून मी तुम्हाला एकाच बुबुळाने बघायला लावलं. काय दिसलं?"

"तुझा नेम," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी तो अचूक होता. मी लिंबाच्या दोन फोडी पाहिल्या होत्या, तमाला, आणि तरी खोटं बोललो." असं म्हणून त्याने शिष्याच्या वयाच्या कितीतरी पलीकडे गेलेल्या आपल्या शिष्याला नमस्कार केला.

राजाने तबकातून नवा विडा उचलला आणि दोन्ही हातांनी तमालभद्रापुढे धरला. "आजोबांकडून राहून गेला होता," तो म्हणाला. तमालभद्राने विडा घेतला आणि तोंडात घातला. दात नव्हते, तरी तो सावकाश चघळत राहिला.

सुरंगीचं मात्र या कशातच लक्ष नव्हतं. शाप सरला, पाणी गोड झालं, आणि केरबा होता तसाच पांढरा उभा होता.

"याचं काय?" ती तमालभद्रावर ओरडली. "माझ्या दादाचं काय?"

"तळ्याचं पाणी त्याच्यावर ओत."

लोक दचकले. मिठावर पाणी ओतलं तर काय होतं, हे त्या राज्यात पोराबाळांना ठाऊक होतं. दर आषाढात त्यांनी ते पाहिलं होतं. ज्यांच्या घरची माणसं अशी गेली होती त्या बायका पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. ती माणसं आता कोणत्याही पाण्याने परत येणार नव्हती, आणि तमालभद्राने त्या बायकांकडे पाहून मान खाली घातली.

"मला फसवत असाल तर?" सुरंगीने विचारलं.

"आधी चाखून बघ," तो म्हणाला.

तिने ओंजळभर पाणी घेतलं, एक घोट प्यायली. ते गोड होतं. जन्मात पहिल्यांदा ती आपल्या गावचं पाणी पीत होती. मग तिने पुन्हा ओंजळ भरली आणि केरबाच्या डोक्यावर ओतली.

मीठ ओघळलं. तिने दुसरी ओंजळ ओतली, तिसरी ओतली. सोमाही आला आणि तोही ओंजळी ओतू लागला. पांढरे ओघळ केरबाच्या कपाळावरून, खांद्यावरून खाली आले. मीठ जात होतं आणि खाली काय उरणार ते कोणाला ठाऊक नव्हतं. मग ओघळाखाली काळेभोर केस दिसले. कपाळ दिसलं. उजवा कान दिसला, त्याची पाळी अर्धीच होती. छाती हलली. उजवा डोळा उघडा होता, त्याने तळ्याकडे पाहिलं, उंबराकडे पाहिलं, मग खाली सुरंगीकडे पाहिलं.

डावा डोळा मात्र अजून मिटलेलाच होता. बाण सुटताना मिटला होता तसा. सुरंगीने शेवटची ओंजळ भरली, अंगठ्याने त्या पापणीवरचं मीठ हलकेच पुसलं, जसा तो लहानपणी तिचे डोळे पुसत असे. पापणी हलली आणि उघडली.

"लागला का गं नेम?" केरबाने विचारलं.

"लागला, दादा," सुरंगी म्हणाली.

राजाने सोमाची हत्यारं स्वतःच्या हाताने परत दिली. गावातल्या साऱ्या लहान मुलांच्या डाव्या हातावरच्या पिशव्या त्याच संध्याकाळी सुटल्या, आणि दसऱ्याला प्रत्येक शिकाऱ्याला व सैनिकाला धनुष्याआधी एक पितळी कडं हातात मिळू लागलं. आचार्य विश्वंभर पापडवाल्या काकूंकडे राहायला गेले. केरबा अजून सुरंगीची वेणी वाकडीच घालतो. त्या राज्यात कधी गेलात तर पाणी मागा. आता कोणी आढ्याकडे बघत नाही, तांब्या भरून हातात देतात, आणि कोणत्या हाताने दिला ते कोणी पाहत नाही.